राक्षसाला गणपतीचे डोळे

शशिकांत टिपणीस मुळात वाईट माणूस नाही हो. पण दुसऱ्याचं चांगलं झालं की त्यांच्या पोटात दुखतं, आणि ते दुखणं त्यांना लपवताही येत नाही. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. बरोबरीच्या कुणाला बढती मिळाली की घरी येऊन दोन दिवस आमटीला नावं ठेवायचे. दिल्लीत द्वारकेच्या त्यांच्या सोसायटीत समोरच्यांची बोगनवेल फुलली, तरी यांचा चेहरा पडायचा.

अशा माणसाला उतारवयात भलतंच वेड लागलं. मुलगा सुधन्वा नोकरीसाठी कॅनडाला गेला, तेव्हा माळ्यावर एक खोका ठेवून गेला. त्यात बोटाएवढे प्लास्टिकचे राक्षस, बुटके, हातात भाले घेतलेले सांगाडे. खेळ असा, की टेबलावर लुटुपुटीचे डोंगर आणि किल्ले मांडायचे, दोन बाजूंना दोन सेना उभ्या करायच्या, टेपनं इंच मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून लढायचं. गुडगावात याची दरवर्षी स्पर्धा भरते. टिपणीसांना फाशांनी कधीच साथ दिली नाही, सोळा जणांत ते चौदावे यायचे. पण त्यांचा जीव चषकात नव्हताच. त्यांचा जीव होता फिरत्या पितळी ढालीत. सगळ्यांत सुंदर रंगवलेल्या सेनेला ती मिळते, मतं खेळाडूच देतात, आणि अट एकच: सेना स्वतःच्या हातानं रंगवलेली हवी. ती ढाल सलग तीन वर्षं टिपणीसांच्या घरी टीव्हीच्या वर खिळ्याला टांगलेली होती. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा ती दाखवून झाली होती.

आता त्यातली मेख ऐका. चिलखतं, झगे, गंज, रक्त हे सगळं टिपणीस स्वतः रंगवायचे, आणि झकास रंगवायचे. डोळे मात्र कुमुदताईंचे. कुमुद त्यांची बायको, पेणची. माहेरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि लग्नाआधी डोळ्यांची आखणी तिच्याकडे असायची. शाडूच्या गणपतीला नजर देणारा हात तो! रविवारी दुपारी टिपणीस ताटलीत वीसेक राक्षस मांडून तिच्यापुढे सरकवायचे. "एवढे डोळे काढून दे गं." ती काढून द्यायची आणि कणीक मळायला जायची. परिणाम असा झाला की टिपणीसांचे राक्षस तोंडात हाडूक धरूनही असे बघायचे, की जणू आता आशीर्वादच देतील. लोक त्यावरच फिदा. "टिपणीस साब, आँखों में जान है!" टिपणीस मान तुकवून कौतुक घ्यायचे. तिळाएवढं तर काम, ते काय सांगत बसायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

आणि मग आली स्वरूपा. पुण्याची मुलगी, गुडगावात आयटीत नोकरी, भाड्यानं राहायची यांच्याच सोसायटीत. परक्या गावात पोर एकटी पडली म्हणून टिपणीसांनीच तिला या खेळाच्या क्लबात नेलं, ब्रश कुठले घ्यायचे ते सांगितलं. स्वतःच्या पायावर स्वतः धोंडा मारून घेतला म्हणा ना!

यंदाच्या स्पर्धेला तिनं सेना मांडली आणि सगळा हॉल तिच्या टेबलाभोवती जमला. जळातल्या राक्षसिणी, अंगावर शेवाळ, हातात शिंपल्यांच्या तलवारी. टिपणीसांच्या टेबलापाशी कोण? फक्त पंखा. "नवीन आहे ना, म्हणून लोक बघतात," ते स्वतःशीच म्हणाले. पण छातीत आग पेटली होती. पहिल्या डावात त्यांचं सगळं लक्ष शेजारच्या टेबलाकडे होतं आणि त्यांचा सेनापती चक्क दलदलीत अडकून मेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या मोजल्या, तर दोघांना सारखीच मतं. स्पर्धा भरवणारे हरमीतजी म्हणाले, निकाल शेवटच्या डावानंतर लावू.

शेवटच्या डावात टिपणीसांची गाठ पडली ती नेमकी स्वरूपाशी. "काका, प्लीज हं, मला लवकर मारू नका यार," ती हसत म्हणाली. टिपणीस हसले नाहीत. अंतर मोजायला ते टेप घेऊन वाकले आणि तिच्या राक्षसिणीचं तोंड त्यांच्या चष्म्यासमोर आलं. वरच्या पापणीची बारीक रेघ. अर्धवट मिटलेली नजर. बुबुळात डावीकडे वर पांढरा ठिपका.

टेप त्यांच्या हातातून सुटली. कुमुद! हे कुमुदचे डोळे! आपल्या पाठीमागे, आपल्या घरात, हिला डोळे काढून देते? त्या क्षणी ढाल गेली बाजूला. आजवर कुमुदनं डोळे काढले ते फक्त आपल्यासाठी, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की दुसऱ्या कुणाच्या राक्षसिणीनं तसं बघणं त्यांना सहनच होईना.

डाव अर्धा टाकून ते तावातावानं हरमीतजींकडे गेले. "इसकी आँखें इसने नहीं बनाईं. मैं गॅरंटी देता हूँ. ये हाथ मैं पहचानता हूँ."

हरमीतजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "ठीक है. टाय तो है ही. दोनों बैठो, सबके सामने एक-एक चेहरा बनाओ. नियम दोनों के लिए एक."

दोघांसाठी एक! रागाच्या भरात हे टिपणीसांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

टेबलावर दिवा आला, दोन कोरे राक्षस आले, पंधरा-वीस माणसं भोवती उभी राहिली. स्वरूपानं करंगळी राक्षसाच्या हनुवटीला टेकवली, श्वास रोखला, आणि एक रेघ ओढली. मग दुसरी. मग ठिपका. राक्षसानं डोळे उघडले. ती करंगळी टिपणीस ओळखत होते; कुमुद अशीच टेकवायची. म्हणजे कुमुदनं डोळे काढून दिले नव्हते, तिनं आपला हातच या पोरीला दिला होता. हे तर जास्तच झोंबलं.

"काका, आता तुम्ही."

टिपणीसांनी ब्रश उचलला. ब्रशाचं टोक थरथरत होतं. "माझा... माझा चष्मा घरी राहिला," ते म्हणाले.

"काका, नाकावर आहे," स्वरूपा म्हणाली. तिच्या आवाजात खोडी नव्हती, म्हणून तर जास्त लागलं.

कुणी हसलं नाही. टिपणीसांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "आँखें मेरी मिसेज बनाती हैं. तीनों साल." हरमीतजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ढाल स्वरूपाला दिली. जुन्या तीन वर्षांबद्दल कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं टिपणीसांना वाटलं.

परत येताना स्वरूपानंच त्यांना गाडीत घेतलं. ढाल मागच्या सीटवर दोन्ही सेनांच्या खोक्यांमध्ये खडखडत होती. "दर शनिवारी तुम्ही क्लबात गेलात की मी काकूंकडे यायचे. त्यांनी सांगितलं नाही?"

कुमुदताईंनी दार उघडलं. नवऱ्याचे रिकामे हात त्यांनी पाहिले, पण ढालीचं विचारलं नाही. आधी विचारलं, "स्वरूपानं सगळ्यांसमोर डोळे काढले म्हणे? फोन आला होता तिचा. हात थरथरला नाही ना तिचा?"

"नाही," टिपणीस म्हणाले. "माझा थरथरला." आणि मग इतका वेळ दाबलेलं बाहेर आलं. "तिला शिकवलंस! मला एका शब्दानं सांगितलं नाहीस! मी कोण, परका?"

"अहो, ती शिकवा म्हणाली. तुम्ही काढून दे म्हणायचात."

कुमुदताई आत गेल्या, कुकर लावला. टिपणीस टीव्हीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसले. मग उठले, खोक्यातून एक बिनडोळ्यांचा बुटका काढला, ब्रश धुतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"करंगळी कुठे टेकवायची गं?"

कुमुदताईंनी पदराला हात पुसले आणि त्यांची करंगळी धरून बुटक्याच्या हनुवटीवर ठेवली. पहिली रेघ थेट कानापर्यंत गेली. दुसरी नाकात.

"स्वरूपाला किती दिवस लागले?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नऊ महिने."

ते ऐकून टिपणीसांना सकाळपासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं, आणि त्यांनी तो डोळा पुसून परत काढायला घेतला.