विहिरीला छापील पुरावा नाही

त्या दिवशी ओट्यावर मी, माझी जाऊ कमल, सून रेखा अन् बऱ्हाणपूरहून आलेला तो चष्मेवाला, एवढेच होतो. मोबाईलवरच्या ज्ञानकोशात तो बिनपगारी लिहितो. गावची विहीर आम्ही बायांनी खोदली, तेव्हा मी पोटुशी होते, ते लेकरू गेलं, हे त्यानं तिथं लिहिलं होतं. त्याच्याच साथीदारांनी ते पुसलं.

"छापील पुरावा लागतो, आजी."

कमल म्हणे, "कोणी केला रे बाबा हा फालतू नियम?"

त्यानं चष्मा सदऱ्याला पुसला. "सगळ्यांनी मिळून. माझंही मत होतं. नाहीतर कोणीही काहीही लिहितं."

खरं बोलला, म्हणून मी त्याला चहा दिला. आता तिथं 'गावात एक विहीर आहे' एवढंच उरलंय.

कोणाकडे जुन्या पेपरात आमच्या विहिरीचं काही छापलेलं असंल, तर रद्दीत देऊ नका, मला आणून द्या.