पोटुशा माशाची शेवंतीमावशी

लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. माझ्या नवऱ्याने, सिद्धेशने, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत समुद्र पाळलाय. त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाइपफिशची जोडी राहते. अंगाने सुतळीएवढे, पण नखरे संस्थानिकांचे! खायला जिवंत किडेच लागतात, तेही दिवसातून तीनदा.

गणपतीला कणकवलीजवळच्या आमच्या गावी जाणं चुकत नाही. यंदा नेमकी त्याच वेळी नराच्या पोटाला अंडी लागली. हो, नराच्याच; मादी अंडी देऊन मोकळी होते. सिद्धेशचा पाय घरातून निघेना. शेवटी शेजारच्या शेवंतीमावशी म्हणाल्या, "अरे, जा रे तू. आमच्याकडे गणपती नसतो, मी इथेच आहे. शहाडच्या प्रसूतिगृहात आयाबाई म्हणून जन्म गेला माझा. पण पोटुशी बाप्या पहिल्यांदाच बघतेय!"

किडे कसे वाढवायचे ते शिकून मावशींनी किल्ली घेतली. शुक्रवारी दुपारी लाईट गेली आणि पाण्यात हवा सोडणारा पंप थांबला. अशा वेळेसाठी बॅटरीचा पंप होता. त्यातले सेल मात्र आमच्या शहाण्याने गावच्या टॉर्चसाठी काढून नेले होते. मावशी फोन करत होत्या आणि आम्ही आरतीत टाळ्या वाजवत होतो.

मग मावशींनी स्वतःचं ओगराळं आणलं. टाकीतलं पाणी उचलायचं, उंचावरून परत टाकीत धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. लाईट यायला संध्याकाळ झाली, तोवर त्या हेच करत होत्या. समोरची समीक्षा मदतीला आली, पण तिची धार बुटकी पडते म्हणून मावशींनी ओगराळं काढून घेतलं.

गावाहून परतलो तेव्हा हे सगळं आम्हाला समीक्षाने जिन्यातच सांगितलं. सिद्धेश चपलांसकट आत धावला. नर जागेवर होता, अंडीही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पिल्लं पाण्यात तरंगत होती.

त्या टाकीला मी आजवर शिव्याच घातल्यात. पण मावशींचं पट्टी बांधलेलं मनगट पाहिलं आणि मला रडूच आलं. सख्खं माणूस तरी इतकं करतं का? गावच्या झाडाचे नारळ त्यांच्या ओट्यावर ठेवून सिद्धेश नुसता हात जोडून उभा राहिला.

"बाळंतपणात मधेच हात सोडायचा नसतो, बाकी मी काय केलं?" मावशी म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही खुशाल जा. फक्त सेल ठेवून जा."