गाऱ्हाणं घातलं माझ्यासाठी

ऐंशीच्या दशकातला शिमगा... गुहागरजवळच्या खाडीकाठच्या एका गावात. मी पुण्याची, संशोधनाच्या हंगामी नोकरीवर नुकतीच आलेली. विहिरींच्या पाण्यात खार किती चढतोय ते मोजायचं, एवढंच माझं काम.

त्याच वर्षी खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडून भराव घालायचं घाटत होतं. तिवरं गेली की भरती थेट शेताच्या बांधावर आदळणार, आतल्या विहिरी खारट होणार, हे मला दिसत होतं. तालुक्याच्या सभेत हे तुम्ही सांगा, असं गावाने मला विनवलं... मी नाही म्हटलं. आकडे द्यायचे, बाजू घ्यायची नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. नोकरी गेली तर घरी काय सांगू, ही धास्ती वेगळीच.

देवाची पालखी दारात आली तेव्हा माझ्या घरमालकीण इंदूवहिनींनी माझ्या हातात नारळ दिला आणि मला पुढे उभं केलं. गावचे मानकरी तात्या, त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं...

"बा देवा महाराजा, ही परमुलखातली लेक आमच्या पाण्याची काळजी वाहतेय. तिला बोलायचं बळ दे रे महाराजा."

"होय महाराजा," सगळं गाव एका सुरात म्हणालं.

मी नकार दिला होता, आणि ही माणसं माझ्यासाठीच मागत होती. मला रडूच फुटलं.

सभेला गेले. "तिवरं तोडू नका, विहिरी जातील," एवढं कसंबसं बोलले आणि घसा कोरडा पडला. तेवढ्यात मागच्या बाकांवरून, निव्वळ सवयीने, आमचं गाव म्हणालं,

"होय महाराजा."

अधिकारीसुद्धा हसले. तात्यांनी जीभ चावली. मला मात्र असा धीर आला की पुढचं सगळं धडाधड बोलून मोकळी झाले.

तिवरं वाचली. माझी नोकरी काही पुढे चालू राहिली नाही. पण बोलायची भीड चेपली ती चेपलीच... नंतरची सगळी वर्षं हवामानबदलाच्या धोरणांसाठी सरकारदरबारी भांडण्यात गेली, पार दिल्लीपर्यंत.

इंदूवहिनी, तात्या, आता कुणी नाही. आजही मोठ्या सभेत घसा कोरडा पडला की मी क्षणभर थांबते. मागून कुणीच काही म्हणत नाही... तरी मला ऐकू येतं.