धोंड्याच्या जेवणानंतरचे नऊ दिवस

४ ऑक्टोबर. सल्ल्याचे दोन हजार रुपये. हजर: वकीलबाई, मी, बायको आणि मुलगी.

मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं होतं. जावयाचं आधी एक लग्न होऊन घटस्फोट झालेला, हे करकंबच्या सासरच्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये ते कळलं, तशी ती माहेरी निघून आली. मुलगी एवढंच म्हणत होती, "मला घटस्फोट नको. फसवून केलेलं लग्न कोर्टाने रद्द करावं. घटस्फोटित असं मी का लिहायचं?"

वकीलबाई म्हणाल्या, "फसवणूक आहेच. कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा, तेही जमतंय. कळल्यानंतर ही त्याच्याकडे राहिली का?"

मी जुलैचं सांगायला घेतलं.

जुलैत अधिक महिना लागला, तेव्हा थोरले बंधू म्हणाले होते, "जावयाला धोंडे जेवायला बोलवा. वाण द्या, मग शांतपणे विचारा." जावई जुळे सोलापुरात आमच्याकडे जेवले, दोघांचं औक्षण झालं, फोटो निघाले, मग ते तेहतीस अनारसे आणि चांदीचं निरांजन घेऊन निघाले. विचारायचं राहूनच गेलं. वाण दिल्यावर लेकीला मागे कसं ठेवायचं, म्हणून तिलाही पाठवलं. नऊ दिवसांनी ती कायमची परत आली.

"मग रद्द होणं अवघड," वकीलबाई म्हणाल्या. "कळूनही राजीखुशीने नांदली, असं ते म्हणतील."

"अहो, रीत म्हणून पाठवली की!" बायको उसळली. "फसवलं त्यांनी, आणि चुकलो आम्ही व्हय?"

"काकू, ते औक्षणाचे फोटो कोर्टात लावतील."

"नऊ दिवस सांगितलेच नाहीत तर?" मी विचारलं.

मुलगी म्हणाली, "फोटो त्यांच्या स्टेटसला होते, बाबा. आणि प्रतिज्ञापत्रावर सही माझी असणार."

त्यांनी चार महिने लपवलं, त्याचं कुणाला काही नाही. आमचे नऊ दिवस तेवढे नडले. शेवटी संमतीने घटस्फोट ठरला. त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहिल्याचं दाखवायचं, मग अर्ज, मग पुन्हा सहा महिने थांबायचं. 'घटस्फोटित' हा शब्द तिला लागलाच.

निकालाच्या दिवशी वकीलबाईंची उरलेली फी द्यायला मी पाकीट काढलं.

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही निरांजन दिलंत, तेवढं पुरे."

तिने स्वतःच्या पगारातून वकीलबाईंना पंधरा हजार दिले.