चार बोटांची फट

विमानाचा विषय निघाला की लोक वेग विचारतात. मी म्हणतो, विमान ओळखायचं ते उभं असताना. पंख कुठे आहे, शेपूट किती उंच आहे आणि त्याच्या पंखाखाली आणखी काय मावेल, एवढं पाहायचं. दिल्लीजवळ, मानेसरच्या पुढे एका लहान धावपट्टीच्या कडेला आमचं हँगर आहे आणि ते कायम एका विमानाने अपुरं पडतं. तिकीट काढून बसायची विमानं इकडे येत नाहीत. इथे शिकाऊ पोरांचं दोन सीटचं, पंख पोटाशी असलेलं. चार सीटचं, पंख छत्रीसारखा डोक्यावर धरलेलं. मग एक दोन इंजिनांचं, दोन्ही पंखांवर एकेक इंजिन घेऊन बसलेलं. एका कारखानदाराचं जेट, आणि चाकाच्या पाटावर ठेवून ढकलायचं हेलिकॉप्टर. ही पाचही एकमेकांत बसवायची, हे माझं काम.

नववीत शाळा सुटली. पुढे चाकणहून नव्या गाड्या इकडे आणणाऱ्या ट्रेलरवर होतो. दोन मजल्यांवर गाड्या चढवायच्या. खालच्या गाडीचं छत आणि वरचा पत्रा यांत चार बोटं सोडायची. शिक्षण म्हणाल तर ती चार बोटं. इथल्या इंजिनिअर मॅडम दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या, मराठी. मी इथे काम मागायला आलो तेव्हा त्यांनी मार्कशीट मागितली नाही. म्हणाल्या, "दादा, विमानं लावून दाखवा." लावून दाखवली. हँगरचे जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांनी वरच्या साहेबांशी बोलून ती जागा मला दिली. या माणसाच्या हातून ओरखडा पडला तर जबाबदारी माझी, असंही त्या साहेबांना म्हणाल्या होत्या. हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक माप दोनदा घेतो. माझ्याकडे बांबूची एक काठी आहे, तिच्यावर प्रत्येक विमानाची उंची खाच पाडून ठेवलेली.

मे महिन्यातली दुपार होती. पश्चिमेचं आभाळ मातकट झालं आणि फोन आला, आंधी, म्हणजे धुळीचं वादळ येतेय, सगळं आत घ्या. जेट मागच्या भिंतीशी गेलं, हेलिकॉप्टर पाती बांधून कोपऱ्यात. दोन सीटचं डावीकडे, दोन इंजिनांचं उजवीकडे. उरलं ते छत्रीवालं. त्याने मध्ये घुसायचं, डावा पंख छोट्यावरून आणि उजवा थेट त्या इंजिनावरून. रोजचंच होतं. बाहेर राहिलं असतं तर वाऱ्याने उलटंच केलं असतं.

विमानं ढकलायच्या ट्रॅक्टरवर ताऊ होते, रेवाडीकडचे; वडीलधाऱ्याला इकडे ताऊ म्हणतात. मी काठी घेऊन पंखाखाली गेलो तसे ओरडले, "ओ मराठे! लुगाई का ब्लाउज ना सीणा, जल्दी कर!" मापं कसली घेतोस, बायकोचा ब्लाउज शिवायचा नाहीये, असं त्यांचं म्हणणं.

"ताऊ, एक मिनट."

काठी लावली. पंख खाचेच्या खाली होता. पुन्हा लावली, तेच. इंजिनावर चार बोटं राहायला हवीत, तिथे जेमतेम दीड बोट राहत होतं. काठी चुकली की मी?

मॅडम दरवाजाशी डोळे चोळत उभ्या. "दादा, काय झालं? काल तर बसलं होतं ना?"

"काल टाकी अर्धी होती, मॅडम. उद्या लांब जायचंय म्हणून दुपारी काठोकाठ भरलीय. वजनाने पाय फाकलेत, पंख उतरलाय."

खाच पाडली त्या दिवशी टाकीत किती तेल होतं, हे मी पाहिलंच नव्हतं. चूक माझीच.

"हळूहळू नाही जाणार? दीड बोट आहे ना, यार."

"वाऱ्याने हललं तर दीड बोटाचं काही नाही. दोन इंजिनांचं मोठं बाहेर काढतो. आधी हे आत, मग ते मागून. म्हणजे पंखाखाली इंजिन येणार नाही, नुसतं पंखाचं टोक येईल."

"आता? बाहेर काढणार?" त्यांनी आभाळाकडे पाहिलं. पहिली धूळ धावपट्टीवर पोहोचली होती. "बिल्कुल नक्की?"

मी एरवी दहादा विचार करणारा माणूस. पण कुठली वस्तू कुठे मावते, हे सांगताना माझी जीभ अडत नाही. म्हणालो, "नक्की."

"मग चला."

दोन इंजिनवालं बाहेर आलं तेव्हा वारा त्याची शेपूट ढकलत होता. मी आणि दोन मेकॅनिक तिला लोंबकळलो. छत्रीवालं आत गेलं. ताऊंनी आता थट्टा सोडली होती, माझ्या हाताकडे बघत मोठ्याला एकेक वीत मागे रेटत होते. मोठ्याच्या पंखाचं टोक छत्रीवाल्याच्या पंखाखाली शिरलं. काठी लावली. चार बोटं सोडा, हातभर मोकळं होतं. दरवाजे ओढले आणि पत्र्यावर वाळूचा मारा सुरू झाला.

ताऊंनी तोंड पुसलं. "ब्लाउज ठीक सिया रे."

मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. सगळं आत, ओरखडा नाही, असं लिहून मी सही केली. थँक्यू म्हणावं असं फार वाटत होतं, पण त्या आवाजात ओरडून कसं म्हणणार? खिशातून चाकू काढला, जमिनीवर बसलो आणि जुन्या खाचेच्या दोन-अडीच बोटं खाली दुसरी पाडायला घेतली.

"ही कसली?" मॅडमनी वाकून विचारलं.

"भरल्या टाकीची."

त्यांनी काठीचं दुसरं टोक धरलं, ती हलू नये म्हणून.