गटातली चौथी

वैशाले, ये अशी. सरक जवळ. कागदावरून बोलतेय म्हणून लांबची होऊ नकोस, माझ्या ओट्यावर बसल्यासारखी बस आणि आधी चार शब्द ऐकून घे. परवा फोनवर काय बोललीस तू? म्हणे, आत्या, लेकीचा नंबर लागलाय त्या मोठ्या शाळेत, पण नको बाई, तुझं काय झालं ते बघितलंच की. अगं बये, तू काय बघितलंस? तू उलव्याला, मी विचुंब्याला. माझ्या तोंडून पुरतं ऐकलं नाहीस, आणि माझाच दाखला देऊन मोकळी झालीस. एवढी शिकलीस, माझ्यासारखी एसटीच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं नाही गोळा केलीस. तरी अशी घाबरट?

आता ऐक.

दुसरीचा वर्ग. शाळेचं नाव घेत नाही. नवीन पनवेलची, काचेच्या दारांची, इंग्रजी. तिथं बाकं नाहीत, गोल टेबलं आहेत. एका टेबलाला चार पोरं, चौघांत एक टॅब. मी बाहेर पॅसेजमध्ये फडकं घेऊन उभी. ठेकेदाराकडून साफसफाईला होते मी तिथं. आणि आत माझी नात, प्रज्ञा. गरिबांच्या राखीव जागेवर, लॉटरीत नंबर लागून आलेली.

टॅबवर झाडाचं चित्र. खाली शब्द. बोटानं शब्द ओढायचा आणि मुळापाशी, खोडापाशी, पानापाशी नेऊन सोडायचा. बाकी तिघांचं अडलं. भांडत बसले. आमच्या पोरीनं हात पुढं केला, शब्द ओढला, नेऊन सोडला. टॅबमधून टाळ्या वाजल्या. शेजारचा पोरगा लगेच म्हणाला, "टीचर, हिने टच केला."

मागं मोठ्या मॅडम उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हसत दाराशी आल्या, मला बोटानं बोलावलं. म्हणाल्या, "मावशी, तेवढा टॅब पुसून घ्या."

मी पुसला.

स्प्रे मारला, फडकं फिरवलं. बाकी तिघांची बोटं सकाळपासून त्याच काचेवर होती. डब्यातल्या तुपाची, नाकातली, सगळी. ती कुणी पुसायला सांगितली नव्हती. माझ्या नातीचं बोट एकदा लागलं, ते पुसायचं होतं. माझ्याच हातानं.

प्रज्ञानं वर बघितलं. आजी अशी हाक मारली नाही. मीच तिला बजावलं होतं, शाळेत मी तुझी कुणी नाही. शाळेत मी नुसती मावशी. झाडूवालीची नात म्हणून पोरं तुला जवळ करणार नाहीत. सकाळी आम्ही दोघी चालत निघायचो, पण गेट दिसायच्या आधी मी तिचा हात सोडायचे. ती पुढं, मी मागून. तिनं माझं सांगणं पाळलं. खाली मान घालून बसली.

आता तुला वाटेल, एकदाच झालं असेल, म्हातारी ताणतेय. तर त्या वर्गाची पद्धत सांगते. मिळून काम करायचं, असं तिथं नवं शिकवणं. चौघांच्या गळ्यात चार बिल्ले. एक लीडर, तो टॅब चालवणार. दुसरा लिहिणार. तिसरा उठून सगळ्या वर्गाला सांगणार. आणि चौथा मदतनीस. त्यानं टॅब कपाटातून आणायचा, काम झालं की चार्जिंगला लावायचा, टेबल आवरायचं. पद्धत वाईट नाही गं. मला तर आवडली होती. आम्ही महिला मंडळातल्या बायका उन्हाळ्यात पापड करायचो तेव्हा असंच होतं. एक पीठ कुटणार, एक लाट्या करणार, एक लाटणार, एक उन्हात नेऊन घालणार. कुटणारीचा खांदा धरला की जागा बदलायची. कुणी सांगावं लागत नव्हतं.

तिथंही बिल्ले दर सोमवारी बदलायचे होते. भिंतीवर रंगीत तक्ता होता तसा. सगळ्यांचे बदलायचे. प्रज्ञाचा नाही. मग मी झाडता झाडता बाकीची टेबलं बघायला लागले. राखीव जागेवरची पोरं एकेका टेबलाला एकेक वाटून दिलेली. आणि त्या प्रत्येक टेबलाचा मदतनीस कोण? तेच पोर. जूनपासून तेच.

वर्गाची टीचर कोवळी पोरगी होती. वाईट नव्हती. शाळा सुटल्यावर मी विचारलं, नात वगैरे काही न सांगता, की त्या चौथ्या पोरांना टॅब कधी देणार? तिनं आधी दार लोटलं. मग म्हणाली, "मावशी, मला वरून सांगितलंय. टॅब पालकांच्या पैशातून आलेत. या मुलांनी हात लावला की पालकांच्या ग्रुपवर तक्रार येते." दार उघडता उघडता म्हणाली, मी पण कॉन्ट्रॅक्टवरच आहे.

म्हणजे बघ. ती अडकलेली, मी अडकलेली. घरी लेकाला सांगितलं. तो विमानतळाच्या कामावर डंपर चालवतो, आला की अंगावरची धूळ झटकेपर्यंत डोळे मिटतात त्याचे. म्हणाला, "आय, गप रा. शीट गेली तर तिला कुठं घालू?" मी गप राहिले. रोज टेबलं पुसायची, रोज ती मान खाली. बोलले तर तिची जागा जाईल, माझं काम जाईल. नाही बोलले तर हे असंच. मी मनाशी म्हणायचे, इंग्रजी तर शिकतेय ना पोर. कानावर तर पडतंय.

काय शिकत होती ते एका रविवारी कळलं.

आमच्या घरासमोर इमारतीचं काम चालू आहे. फरशीचे तुकडे पडलेले असतात. प्रज्ञानं एक गुळगुळीत काळा तुकडा आणला आणि शाळा मांडली. वाडीतली दोन पोरं, आणि बांधकामावरच्या मजुराची एक चिमुरडी, शेंबडी, हसरी. फरशी म्हणजे टॅब. खोक्याचे पुठ्ठे कापून सुतळीनं गळ्यात बिल्ले. मी दारात तांदूळ निवडत होते, बरं वाटलं बघून. खेळता खेळता त्या चिमुरडीनं फरशीवर बोट ठेवलं. प्रज्ञानं तिच्या हातावर चापट मारली. म्हणाली, "तू मदतनीस हायस. हात लावायचा नाय."

आणि फ्रॉकच्या घेरानं फरशी पुसली. आधी वरून खाली, मग कडा. माझीच पुसायची रीत.

वैशाले, माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. आमच्या आजीला विहिरीपासून लांब उभं करायचे, ती वाट बघायची कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. मी म्हणायचे, ते दिवस गेले. गेले कुठं? माझ्या ओट्यापुढं पुठ्ठ्याचे बिल्ले घालून बसलेत. शाळेनं अर्धं शिकवलं, अर्धं मी शिकवलं फडकं फिरवून. खाली कुणीतरी असावं लागतं, आणि त्याला हात लावू द्यायचा नसतो. एवढं पोरीला पक्कं पाठ झालं होतं.

तिला मारलं नाही. त्या चिमुरडीला मांडीवर घेतलं आणि फरशी तिच्या हातात दिली. प्रज्ञा रुसून आत गेली.

मग पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. लेकाच्या फोनवर निरोप होता, पालकांनी अवश्य यावे. माझी त्या दिवशी ड्यूटी. मी कामाचा निळा कोट काढला, जिन्याखालच्या खिळ्याला टांगला, आणि वर्गात जाऊन भिंतीकडच्या खुर्चीवर बसले. मोठ्या मॅडम बोलत होत्या. मुलं एकमेकांकडून कशी शिकतात, प्रत्येक मूल कसं समान. बोलता बोलता मला बघितलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, इथे पालक बसतात."

मी म्हटलं, "मी पालकच हाय. ती माझी नात."

सगळ्यांच्या माना वळल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, ऐकू जाईल इतपत, आता फरशी पुसणाऱ्यांना पण प्रेझेंटेशन का? दोघीतिघी हसल्या. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "जूनपासून तिचा बिल्ला बदलला नाय. तिच्यासारख्या कुणाचाच नाय. आज बदला. आन् तिचं बोट लागलं म्हणून टॅब मी पुसणार नाय."

मॅडम म्हणाल्या, ऑफिसमध्ये बोलू. मी म्हटलं, हितंच बोला, सगळी हायत. टीचर खिडकीकडं बघत राहिली. टाळ्या वाजल्या नाहीत, कुणी उठून माझ्या बाजूला आलं नाही. आणि प्रज्ञा? तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि रडली. घरी आल्यावर म्हणाली, "तू का सांगितलंस? आता सगळ्यांना कळलं."

मी म्हटलं, "कळू दे."

दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. ठेकेदारानं कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. शाळेनं लेकाला बोलावून गोड शब्दांत सुचवलं, मुलीला दुसरी शाळा मानवेल, दाखला लगेच देतो. तो सही करायला निघाला होता. मी दारात आडवी उभी राहिले. जागा त्यांनी दिलेली नाही, कायद्यानं दिलीय. ती सोडायची नाही.

आता दर सोमवारी मी तिचा हात धरून गेटापर्यंत जाते. हात सोडत नाही, आता तीही सोडत नाही. टीचर दिसली की मोठ्यानं विचारते, आज कोणता बिल्ला? वॉचमन आधी हाकलायचा, आता तोंड फिरवतो. तिला लिहायचा बिल्ला मिळाला. टॅबचा अजून नाही. बाकीच्या टेबलांवरचे चौथे अजून चौथेच आहेत. एकीचं थोडं दिलं की म्हातारी गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब. मी बसणार नाही. शेवटचं चौथं पोर टॅबवर बोट ठेवेपर्यंत मी त्या गेटावर आहे. नवं काम शोधीन, धुणीभांडी करीन, पण सोमवार कुणाला विकणार नाही.

बाकीच्यांच्या आया घाबरतात. त्यांना मी शिव्या देत नाही, मीही तशीच होते. पण एकटीला भांडकुदळ म्हणून बाजूला काढता येतं, दहा जणींना नाही. म्हणून तुझा राग आला. लढायच्या आधीच जागा सोडतेस? तुझ्या उलव्याच्या शाळेतही गोल टेबलं असतील, बिल्ले असतील. पहिल्याच दिवशी खुर्चीवर बस. पहिल्याच सोमवारी विचार. मी येईन तुझ्याबरोबर.

पण आधी तू ये. प्रवेशाची मुदत संपायच्या आत ये, लेकीला घेऊन. प्रज्ञाला तिच्याशी बोलू दे, ती माझ्यापेक्षा नीट सांगेल. जेवायलाच ये, बोंबलाचं कालवण करते. वाट बघायला लावू नकोस गं, लवकर ये.