चिनी कविता आणि आप्पांचा ढोल

एम.ए.ला असताना मी चीनमधल्या सगळ्यांत जुन्या कवितेवर निबंध लिहिला. दौंडच्या एका कॉलेजात, स्पर्धेत तो वाचायचा होता. शिरूरहून निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी वडील होते, आमचे आप्पा, आणि त्यांच्या मांडीवर ढोल. घरातली मेंढरं कधीच गेली, शेती आली. पण जत्रेत धनगरी ओव्यांना ढोल अजून आप्पांचाच असे.

तो मीच आणायला लावला होता. त्या चिनी कविता मुळात गाणी होत्या, हे मी वाचलं होतं. रानात पाला खुडताना, लग्नात, पितरांच्या पूजेत लोक त्या म्हणत. साथीला ढोल, घंटा, तारांची वाद्यं. तीच ओळ पुन्हा येई, त्यात एखादाच शब्द बदले. पुढे चाली हरवल्या, नुसते शब्द उरले. वाचताना मला आमच्या ओव्याच ऐकू येत होत्या.

हॉलच्या दारात तिथल्या विभागप्रमुखांनी अडवलं. "हे काय? इथं कवितेवर बोलायचंय, जत्रा नाही भरवायची. ढोल बाहेर ठेवा."

आप्पा ओशाळले. "मी बसतो भायेर. तू जा आत."

त्यांचं ते ओशाळणं मला सोसेना. "सर, ढोल बाहेर, तर निबंधही बाहेर."

"आत न्या. पण मग बक्षीस विसरा."

"विसरले."

दोन पानं वाचून मी थांबले. "ती चिनी चाल आता कुणालाच ऐकता येणार नाही. आपली येते. आप्पा, वाजवा."

"हितं?"

"हितंच."

पहिल्या थापेला खिडकीच्या काचा थरारल्या. आप्पांनी ओवी उचलली, मी मागून सूर धरला. मागच्या बाकांवरची पोरं उभी राहिली. सर वेळ संपल्याची घंटी वाजवत होते, वाजवू दिली.

निकालात माझं नाव नव्हतं. परीक्षकांचा शेरा होता, 'विषयांतर'.

परतताना आप्पांनी विचारलं, "त्या लोकांच्या चाली गेल्या कशा गं?"

"कोण जाणे. म्हणायचंच थांबले असतील."

"आपुन न्हाई थांबायचं," आप्पा म्हणाले.

पुढं मी शिक्षिका झाले. कवितेच्या तासाला मुलांना आधी गायला लावते, अर्थ मागाहून. शेजारच्या वर्गातून दर वर्षी तक्रार येते. येऊ दे.